अरविंदआजोबांची घाई

मीरा, ईशान, परवा व्हिडिओ कॉलवर अरविंदआजोबा बोलता बोलता उठून चालू लागले, आणि तुम्हाला आधी त्यांचं नाक, मग छत, मग आमची चप्पल दिसली. तुम्ही खूप हसलात. हसा की, मीही हसते. पण ते कसे आहेत हे तुम्हाला तेवढ्यावरून कळायला नको, म्हणून हे आजच लिहिते.

ते माझे धाकटे दीर. इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर इंजिनियर होते, पण खुर्चीशी त्यांचं कधी जमलं नाही. चहा उभ्यानं पितात. ट्रेनमध्ये एक स्टेशन आधीच दाराशी जातात. कुठेही गेलं की दोन मिनिटांत म्हणतात, "झालं ना? चला पुढे."

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघं नॉर्वेला गेलो: ते, त्यांची बायको सुनंदा आणि मी. जर्मनीतल्या कील बंदरातून बोट होती. चारी बाजूंना नुसता समुद्र, आणि हे उतरायच्या दारापाशी बॅग धरून उभे.

"भाऊजी, बंदर यायला अवकाश आहे."

"आल्झो वहिनी, ऐन वेळी गर्दी होते." हे जर्मन 'आल्झो', म्हणजे 'तर मग', त्यांच्या तोंडात बसलंय.

तिथे एका जुन्या जमीनदाराची पांढरी लाकडी हवेली बघायला गेलो. आत शिरताच भाऊजींनी गाईडबाईंना जर्मनमध्ये पहिला प्रश्न विचारला, "बाहेर कुठून पडायचं?" त्या बाई एका पलंगाची कहाणी सांगत होत्या, तर हे माझ्या कानाशी, "पलंग बघितला. तो काय हलणारे?" तसबिरींच्या दालनात म्हणाले, "सगळे मेलेत. चला पुढे."

सुनंदाला वर्षभर विसरायला होत होतं. भाऊजी ते मानायचे नाहीत. "वय झालं, दुसरं काय," म्हणायचे.

मागे मोठी बाग होती. माणसापेक्षा उंच झुडपांच्या भिंती, त्यांच्यामधून वाटा, आणि टोकाला तळं. भाऊजी पुढे, मी मधे. आम्हाला परत न्यायला उभ्या असलेल्या बसपाशी पोचून त्यांनी मागे पाहिलं, तर सुनंदा नाही.

"अगं, चल!" मग, "सुनंदा!" उत्तर नाही. ते तळ्याकडे धावले, परत आले, पुन्हा तिकडेच गेले. चेहरा पांढरा पडला होता. मग मधेच थांबले आणि जोरात ओरडले, "शकू!"

मी चमकले. ते तिचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'सुनंदा' लिहून ते नाव भाऊजींनीच बदललं होतं. त्यानंतर त्यांच्या तोंडून ते मी कधीच ऐकलं नव्हतं.

"ओ! आले हं!" हिरव्या भिंतीपलीकडून आवाज आला. ती आली. भाऊजींना तिनं नीट निरखलं आणि आदबीनं विचारलं, "आईनं बोलावलंय का मला?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "आपण... जरा बसू या का?"

आणि ते बसले. बाकावर, तिच्या शेजारी. ती माहेरच्या अंगणाबद्दल, तिथल्या जाईच्या मांडवाबद्दल सांगत राहिली. "मग? मांडवावर कोण चढायचं?" भाऊजी विचारत होते.

"भाऊजी, बस सुटेल."

"सुटू द्या वहिनी."

बस सुटली.

आता सुनंदाला माझं नाव आठवत नाही, तुमचंही नाही. जर्मन तर सगळंच गेलं. पण भाऊजींनी 'शकू' म्हटलं, की ती अजून ओ देते.