सतरा नंबरचा ठिपका

बायको गेल्यानंतरच्या आठ महिन्यांत पॅसेजमधला दिवा दिवसा एकदाही जळत राहिला नव्हता, आणि या सुधारणेचा स्टोअरकीपरला काडीइतकाही आनंद झाला नव्हता. एकतीस वर्षं तो तिला सांगत आला होता, की बाई, बाहेर पडताना बटण बंद करावं. तिने एकतीस वर्षं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दिवा चालू ठेवूनच ती बाहेर पडत राहिली. शेवटचं दवाखान्यात नेलं त्या दिवशीसुद्धा. तेव्हा तो दिवा बंद करायला स्टोअरकीपर जिने चढून परत वर आला होता आणि खाली गाडीत तिला चार मिनिटं त्याची वाट पाहावी लागली होती. ही चार मिनिटं त्याने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

निवृत्त होण्याआधी चौतीस वर्षं तो एका कारखान्याचं स्टोअर सांभाळत होता. दरवर्षी मालाची तपासणी व्हायची. मांडणीवरची एकेक वस्तू हातात घ्यायची, उलटसुलट करून पाहायची, दोष असेल तर वहीत लिहायचा आणि मग तिच्यावर लाल गोल स्टिकर चिकटवायचा. ठिपका म्हणजे ही वस्तू माणसाने डोळ्यांनी पाहिली आहे. एकदा मोठे साहेब घाईत होते. वरच्या फळीवर नुसते ठिपके मारून मोकळे व्हा म्हणाले. "न पाहता ठिपका नाही," असं सांगून याने शिडी आणली आणि साहेबांनाच वर चढवलं. तेव्हापासून कारखान्यात त्याला ठिपकेसाहेब म्हणू लागले. निरोपसमारंभात त्याला मागे पडणारं एक घड्याळ मिळालं आणि स्टोअरमध्ये उरलेलं ठिपक्यांचं पाकीट तो रीतसर अर्ज करून घरी घेऊन आला.

मुलगी दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी तेच म्हणायची, "बाबा, बाहेर पडा जरा. आई कशी शनिवारी जायची."

आई शनिवारी चित्रांची प्रदर्शनं पाहायला जायची. नवीन माणसं काय करतायत ते बघून येते, म्हणायची. चार तासांनी परतली की हा विचारायचा, काय आणलं. काही नाही, बघून आले, असं उत्तर यायचं. माणूस चार तास बाहेर जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो, हे स्टोअरच्या माणसाला समजणं कठीणच होतं. ती म्हणायची, एकदा चल तर खरं. हा म्हणायचा, पुढच्या शनिवारी.

कपाट आवरताना तिची वही सापडली. प्रत्येक प्रदर्शनाला एक पान. वर चित्रकाराचं नाव, तारीख, खाली एकच ओळ. 'निळा फार वापरतो, पण भीत भीत.' 'हिला अजून पाच वर्षं द्यावीत.' 'सगळं सुरेख, म्हणून कंटाळा आला.' मालाची इतकी नेमकी नोंद चौतीस वर्षांत त्याच्या हाताखालच्या एकाही कारकुनाला जमली नव्हती. शेवटच्या पानावर तिने गॅलरीचं वर्षभराचं वेळापत्रक पेन्सिलीने उतरवून ठेवलं होतं. सहा नावं, आणि त्यांच्यापुढे काहीच नाही. त्यातली पाच प्रदर्शनं होऊन गेली होती. सहावं चालू होतं. त्या नावाखाली तिने रेघ मारली होती आणि लिहिलं होतं, 'याला नक्की बघायचं.'

नोंद अर्धवट ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शनिवारी तो वही घेऊन निघाला. खिशात सवयीने ठिपक्यांचं पाकीट होतंच.

गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. दाराशी टेबलामागे गॅलरीवाल्या बाई कपाळाला बाम चोळत बसल्या होत्या. भिंतींवर एकतीस चित्रं होती, प्रत्येकाशेजारी क्रमांकाचं कार्ड. चित्रांत रिकाम्या खोल्या, वाळत घातलेले टॉवेल, बंद दुकानं. एकूण प्रकार असा, की येताना बऱ्या मनाने आलेला माणूसही जाताना जिना सांभाळून उतरेल. स्टोअरकीपर बऱ्या मनाने आलेलाच नव्हता, त्यामुळे त्याला तिथे घरच्यासारखं वाटलं.

चार नंबरच्या कार्डावर एक लाल ठिपका होता.

त्याला गहिवरून आलं. म्हणजे इथेही तपासणी करतात. कुणीतरी सुरुवात केली आहे आणि काम टाकून गेलं आहे. ठिपका मारलेलं चित्र विकलं गेलेलं असतं, हे गॅलरीत येणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पण ते सांगणारं माणूस त्याच्या घरातून आठ महिन्यांपूर्वी गेलं होतं.

त्याने एक नंबरपासून सुरुवात केली. घड्याळ लावून प्रत्येक चित्राला चार मिनिटं. आधी दुरून, मग जवळून, मग चौकटीच्या कडा. वहीत एक ओळ. मग ठिपका. चार नंबरवरही त्याने आपला वेगळा ठिपका मारला, कारण दुसऱ्याच्या तपासणीवर विसंबण्याची त्याची रीत नव्हती. बाई मध्ये एकदा फोनवर बोलत बाहेर गेल्या, आल्या, पुन्हा गेल्या. म्हाताऱ्याकडे पाहायचं त्यांना काही कारण नव्हतं.

सतरा नंबरला तो अडला.

चित्रात एका घरातला पॅसेज होता. टोकाशी अर्धवट उघडं दार, दारातून भरदुपारचं ऊन आत आलेलं, आणि वर दिवा जळत होता. चार मिनिटं झाली. आठ झाली. दर वेळी नजर दिव्यापाशी आली की त्याचा हात बटण शोधायला उठत होता. वहीत काय लिहावं ते सुचेना. पाहून झालं असं काही वाटेना. शेवटी हे राहू दे म्हणून तो पुढे सरकला, बाकीची चौदा नियमाप्रमाणे उरकली आणि पुढच्या शनिवारी येण्याचं ठरवून घरी गेला.

इकडे काय झालं ते त्याला कळण्याचं कारण नव्हतं. संध्याकाळी चित्रकार आला. पन्नाशीला टेकलेला, उतरलेल्या खांद्यांचा माणूस. त्याचं हे पाचवं प्रदर्शन होतं आणि शेवटचं. आधीच्या चारांत मिळून दोन चित्रं गेली होती आणि दोन्ही मावशीने घेतली होती. या वेळचं चार नंबरही मावशीचंच. मेव्हण्याचं फरशांचं दुकान होतं. या खेपेला काही हललं नाही तर पहिल्या तारखेपासून तुमच्या गल्ल्यावर बसतो, असा शब्द त्याने देऊन ठेवला होता. दार लोटून आत आला तर भिंतभर ठिपके.

खरं म्हणजे त्याने बाईंना विचारायला हवं होतं आणि बाईंनी त्याला. पण चित्रकाराला वाटलं, बाईंना कुणी बडं गिऱ्हाईक मिळालं आहे आणि कमिशनसाठी त्या नाव दडवतायत. बाईंना वाटलं, याने आपल्या डोळ्यांदेखत परस्पर विक्री केली आणि आता कमिशन बुडवतोय. दोघंही एकमेकांकडे पाहून ओळखीचं हसले आणि आठवडाभर गप्प राहिले. चित्रकाराने त्याच पावली मेव्हण्याचं दुकान गाठलं आणि सांगितलं, की दुसरा माणूस बघा. सांगताना दोन शब्द जास्तच बोलला. तेवीस वर्षं साचलेले होते.

रविवारी वर्तमानपत्रवाला फिरकला. चित्रांकडे एक नजर आणि ठिपक्यांकडे दहा नजरा टाकून त्याने लिहिलं, की उदासीचा हा धीट स्वर अखेर रसिकांनी ओळखला. मग रसिक येऊ लागले. मावशीही येऊन गेली, आणि आपल्या चित्राला दोन ठिपके बघून, म्हणजे मला दोनदा पैसे भरायचे का, एवढं विचारून गेली. बाकीच्यांना मात्र एकच चित्र पाहायचं होतं. तीस गेलेली असताना एकतिसावं अजून कसं राहिलं म्हणून लोक सतरा नंबरपुढे दाटीवाटीने उभे राहत. कुणी म्हणे, मुद्दाम मागे ठेवलंय. कुणी म्हणे, हेच त्यातलं खरं.

दुसऱ्या शनिवारी स्टोअरकीपर पोचला तेव्हा सतरा नंबरपुढे एक दंतवैद्य बाई आणि एक घरं सजवणारा गृहस्थ हमरीतुमरीवर आले होते. बाईंना ते वेटिंग रूममध्ये लावायचं होतं. गृहस्थाचं म्हणणं, त्याच्या गिऱ्हाइकाच्या सोफ्याला हाच पिवळा हवा. चित्रकार मध्ये उभा राहून, तुम्ही ठरवा, तुम्ही ठरवा, असं म्हणत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला गिऱ्हाइकाला नाही म्हणायची वेळ आली होती आणि ते त्याला जमत नव्हतं.

"जरा बाजूला व्हाल का?" स्टोअरकीपर म्हणाला. "हे माझं तपासायचं राहिलंय."

असं म्हणून त्याने खिशातून पाकीट काढून हातात घेतलं.

गॅलरीवाल्या बाईंनी त्या पाकिटाकडे पाहिलं. मग भिंतींकडे. मग पुन्हा पाकिटाकडे.

"काका," त्या फार हळू म्हणाल्या, "हे ठिपके तुम्ही लावलेत?"

"तीस लावले. एक आधीचा होता, तो कुणाचा ते मला माहीत नाही."

"तो यांच्या मावशीचा. ठिपका म्हणजे चित्र विकलं गेलं, काका. तुम्ही कशासाठी लावलेत?"

त्याने सांगितलं. कारखाना, मांडण्या, वार्षिक तपासणी, सगळं क्रमाने सांगितलं. तो जसजसा सांगत गेला तसतशी खोली रिकामी होत गेली. दंतवैद्य बाईंना एक दाढ आठवली. गृहस्थाला तो पिवळा आता जरा मळकट वाटू लागला. पाच मिनिटांत तिघंच उरले, आणि बाई बामाची बाटली शोधायला टेबलाकडे गेल्या.

चित्रकार स्टुलावर बसला. "म्हणजे कुणीच काही घेतलं नाही."

"मावशी म्हणून कोणी आहेत त्यांनी घेतलंय ना."

"काका, मी मेव्हण्याला काय काय बोललो, तुम्हाला कल्पना नाही."

"माझी चूक आहे," स्टोअरकीपर म्हणाला. त्याच्या नोकरीत हे वाक्य उच्चारायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे ते फार नवंकोरं निघालं. "मी त्यांना येऊन भेटतो. आत्ता काढतो सगळे." तो खरोखरच एक नंबरकडे वळला आणि नखाने ठिपका उचकटू लागला.

"थांबा. तुम्ही पाहिली म्हणजे कशी पाहिली?"

"प्रत्येकी चार मिनिटं. अकराला जास्त लागली. डावीकडे खाली खिडकी रंगवून पुसलीय तुम्ही. नऊ आणि चोवीसमधला टॉवेल एकच आहे, मधल्या काळात विरलाय. अठ्ठावीसची चौकट तिरकी आहे. ते सुताराचं काम, तुमचं नाही." त्याने वही उघडून दाखवली. "हे वरचं अक्षर माझ्या मिसेसचं. खालचं माझं."

चित्रकार वही वाचत राहिला. बराच वेळ. वाचता वाचता त्याचे खांदे हलू लागले. तो हसतोय की काय करतोय ते स्टोअरकीपरला कळेना, आणि विचारणं बरं दिसलं नसतं. वर्तमानपत्रवाल्यासकट दोनशे माणसं आठवड्यात येऊन गेली होती, पण पुसलेली खिडकी त्यातल्या एकालाही दिसली नव्हती.

"ठिपके राहू द्या," शेवटी चित्रकार म्हणाला. "खोटे नाहीत ते."

"लोकांची फसवणूक होईल."

"लोक येतात कुठे आता?"

स्टोअरकीपर सतरा नंबरपुढे जाऊन उभा राहिला. दिवा जळतच होता. याही वेळी हात उठला, पण त्याने तो खिशात घातला. मग त्याने बाईंना किंमत विचारली, ऐकली, एकदा डोळे मिटले आणि चेकबुक काढलं. बाईंनी एकदम उभारी धरली. त्यांनी ड्रॉवरमधून स्वतःचा, गॅलरीचा, अधिकृत ठिपका काढला आणि तो लावायला त्या सतरा नंबरकडे आल्या.

"त्याला नको," स्टोअरकीपर म्हणाला. "अजून पाहून झालेलं नाही."

तेव्हा प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवर असं दृश्य राहिलं, की ठिपकेवाली एकोणतीस चित्रं पडून होती आणि बिनठिपक्याचं एक विकलेलं होतं. चित्रकार पहिल्या तारखेला मेव्हण्याच्या दुकानात गेला. मेव्हण्याने ठेवून घेतलं, पण गल्ल्यावर नाही; मागे गोदामात, फरशा मोजायला. तपासणी कशी करायची ते दाखवायला स्टोअरकीपर एक दिवस तिथे जाऊन आला. जाताना अर्धं पाकीट देऊन आला.

चित्र त्याने पॅसेजमध्ये लावलं. तिथे खिडकी नाही, उजेड येत नाही. पुढच्या खेपेला मुलगी आली ती चपला काढता काढताच म्हणाली, "बाबा, भरदुपारी पॅसेजमधला दिवा चालू राहिलाय."

तिचा हात बटणाकडे गेलेला त्याने आतून पाहिला.

"असू दे," तो म्हणाला. "चार मिनिटं थांब."