भिंतीवरचे दादा

पेंटरला चेहरा एकच काढता येई, आणि तो त्याच्या मेहुण्याचा होता. यात मेहुण्याचा काही दोष नाही. पेंटर हात बसवत होता त्या काळात फुकटात तासन्‌तास एका जागी बसणारा माणूस म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, धंद्याने टेलर. गळ्यात माप घ्यायची टेप टाकून दादा मशीनवर बसत आणि पेंटर त्यांना कागदावर उतरवी. तो चेहरा हाताला असा चिकटला की पुढे कोणाचंही चित्र काढलं तरी दादाच उमटत. औषधाच्या दुकानावरचं गुटगुटीत बाळ दादांसारखं. सर्कशीच्या फलकावरचा सिंहसुद्धा असा बघे, की आता हा विचारणार, बाही अर्धी ठेवू की पुरी?

अशा या पेंटरला आरोग्य केंद्राने चौकातली मोठी भिंत दिली. विषय, एचआयव्हीपासून बचाव. हसतमुख माणूस हवा, हातात कंडोमचं पाकीट, आणि खाली ठळक अक्षरांत: 'मी वापरतो. तपासणीही करून घेतली. तुम्ही?' पेंटरने जीव ओतून काम केलं. सकाळी लोक कामाला निघाले ते चौकातच थबकले. भिंतीवर दोन मजली उंचीचे दादा पाकीट दाखवत हसत होते. गळ्यात टेप होती.

आता दादा म्हणजे इतका लाजरा माणूस, की गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेताना छताकडे बघे. आकडा अंदाजाने लिही आणि तरी पँट बरोबर बसे. याच दादांनी दोन वर्षं रोज नको असलेली बिस्किटं विकत घेऊन, अखेर त्याच आठवड्यात, बेकरीवाल्या बाईंना लग्नाचं विचारलं होतं. बाई एकट्या होत्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. "रविवारी दुकानात येऊन सांगते," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आणि बेकरीच्या दारातून नाकासमोर बघितलं, की ती भिंत.

"जावईबापू," पेंटर दुकानात शिरताच दादांचा आवाज मशीनखालून आल्यासारखा आला, "मी काय वापरतो?"

"चित्र आहे हो दादा. कोण ओळखतंय?"

तेवढ्यात एक गवंडी दारात येऊन उभा राहिला. "दादा, बटण लावायचं होतं." शर्टाला सगळी बटणं जागच्या जागी होती. मग तो खाली वाकून कुजबुजला, "ते भिंतीवरचं कुठं मिळतं? आणि मापाचं घ्यावं लागतं का? म्हटलं, तुमच्याइतकं मापातलं कोणाला कळणार."

दुपारपर्यंत दुकानात सगळी बटणं शाबूत असलेल्या माणसांची दाटी झाली. दादा आतल्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यामागे जाऊन बसले.

पेंटरच्या बायकोने घरी नवऱ्याला फैलावर घेतलं. "जन्मात पहिल्यांदा माझ्या भावाचं काही जुळतंय, आणि तुम्ही त्याला पाकीट देऊन चौकात उभं केलंत? त्या बाई काय म्हणतील? जा, चेहरा बदला."

चेहरा बदलणं पेंटरच्या हातात असतं तर प्रश्नच नव्हता. त्याने चित्राला मिशी रंगवली. लोक म्हणाले, "ओळखू येऊ नये म्हणून दादांनी मिशी लावलेली दिसते." त्याने चष्मा चढवला. लोक म्हणाले, "बघा, सूचना वाचून वापरतात. असं पाहिजे." वैतागून त्याने अख्ख्या तोंडावर पांढरा रंग फासला. टेप पुसायचं काही त्याला सुचलं नाही. दादा म्हटलं की टेप आलीच. आता परगावचा माणूस विचारी, "हा बिनतोंडाचा कोण?" आणि सगळा चौक एकदम टेलरच्या दुकानाकडे बोट दाखवी.

रविवार उजाडला. दादांनी एकच वाक्य घोकून ठेवलं होतं: भिंतीवरच्या माणसाशी माझा काही संबंध नाही. कपडे घालून बघायच्या पडद्याआड पेंटर आणि त्याची बायको एकमेकांच्या पायावर पाय देत उभे होते. ऐकायला नव्हे, काळजीपोटी.

बेकरीवाल्या बाई आल्या आणि स्टुलावर बसल्या. दादांनी तोंड उघडलं.

"तुम्ही थांबा, आधी मी बोलते," त्या म्हणाल्या. "मला एचआयव्ही आहे. नवरा गेल्यावर कळलं. रोज गोळी घेते, तब्येत ठणठणीत आहे, मैद्याची पोती मीच उचलते, तुम्ही बघताच. पण तुम्ही विचारलंत आणि माझं धाबं दणाणलं. हा माणूस बिस्किटं मागताना घाम पुसतो, याला असलं काही कसं सांगायचं? नाहीच म्हणणार होते. मग सकाळी दुकान उघडलं, तर समोर तुम्ही. म्हटलं, जो माणूस एवढं भिंतीवर उभं राहून सांगतो, तो माझं ऐकून पळणार नाही." त्या थांबल्या. "तो तुम्हीच ना?"

पडद्याआड पेंटरने डोळे गच्च मिटले.

दादांची नजर सवयीने छताकडे गेली. मग ती सावकाश खाली आली आणि बाईंच्या चेहऱ्यावर थांबली.

"मीच," दादा म्हणाले. "मिशी तेवढी जावईबापूंच्या पदरची."

बाई हसल्या. पडदा हुंदका देऊन हलला. पण दादांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

होकार मिळाला, आणि खरी पंचाईत इथून पुढे झाली. दादांनी आयुष्यात पाकीट घेतलं नव्हतं की तपासणी केली नव्हती. सोमवारी दुकान न उघडता ते आरोग्य केंद्रात गेले. तिथे व्हरांड्याबाहेरपर्यंत रांग होती, सगळ्यांच्या माना खाली, प्रत्येकजण दुसऱ्याच कोणासाठी आलेला.

"या दादा," नर्सबाईंना कोण आनंद झाला. "तुमच्या भिंतीचा प्रताप आहे हा. आले आहेत सगळे, पण विचारत कोणी काही नाही. तुम्हीच सांगा जरा समजावून."

"बाई, मला काही येत नाही," दादा म्हणाले. कान लाल झाले होते, पण मान खाली गेली नाही. "तपासणी कुठे करतात, पाकीट कुठून उघडतात, मग पुढे काय. शिकाऊ माणसाला सुईत दोरा ओवण्यापासून शिकवतात ना, तसं सगळं सांगा."

रांगेतल्या माना एकेक करून वर झाल्या. नर्सबाईंनी आधी दादांकडे बघितलं, मग रांगेकडे. त्यांनी एक पाकीट टेबलावर ठेवलं आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"बाई, जरा मोठ्याने," मागून कोणीतरी म्हणालं. "दादांना ऐकू येत नसेल."