निळ्या कार्डाचा तेरावा महिना

"सांगितलं तर कुणी खरं मानणार न्हाई!"

निंबर्ग्याच्या लक्ष्मम्माच्या हॉटेलात श्रीपतरावांनी हे जाहीर केलं, चुरमुऱ्यांच्या सुसल्याची प्लेट पुढं ओढली आणि आधी ती संपवायला घेतली. त्यांची ही जुनीच पद्धत. आधी ऐकणाऱ्यांना उकळू द्यायचं, मग पत्ती टाकायची!

समोरच्या बाकावर काशाप्पा घोंगडीवाला आणि त्याचा मुलगा मल्लेश बसले होते. मल्लेश वर्षातले दहा महिने भाड्याच्या गाड्या घेऊन मुलूखभर हिंडतो आणि उरलेले दोन महिने झोपतो. सध्या झोपेचे चालू होते, त्यामुळं तो मिरची-भजं डोळे मिटूनच खात होता. सगळ्यांच्या प्लेटा श्रीपतरावांकडून होत्या. म्हणजे खरं तर त्यांच्या बायकोकडून, कमलबाईंकडून. कमलबाई पैज हरल्या होत्या. निदान श्रीपतरावांचं म्हणणं तसं होतं.

ते काय सांगणार ते सांगतीलच. झालं ते मात्र असं.

दोन वर्षांपूर्वी श्रीपतराव तुरीचा भाव बघायला म्हणून गुलबर्ग्याला गेले आणि सुटीच्या रिसॉर्टचे मेंबर होऊन परत आले! एका हॉटेलात फुकट जेवण होतं, वर कुकर होता. कुकरासाठी आत गेलेला माणूस तीन तासांनी निळं कार्ड घेऊन बाहेर पडला. पंचवीस वर्षं, दरसाल एक आठवडा, एक बेडरूमचं घर! बसायची खोली वेगळी, झोपायची वेगळी, मधे दार.

"कुकराची शिट्टी तरी वाजतीया," कमलबाई म्हणाल्या. "ह्या कार्डाचं काय वाजतंय?"

कार्डाचं काहीच वाजेना. कारण निळं कार्ड म्हणजे फक्त पावसाळ्याचे महिने. पावसाळ्यात श्रीपतराव शेत सोडून कुठं जाणार? कंपनीच्या तक्त्यात उन्हाळा लाल होता, आणि लाल महिन्यांत निळ्या कार्डाला दारात उभं करत नव्हते.

एवढ्यात अधिक महिना आला, तोही ऐन ज्येष्ठात. लेक पल्लवीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. जावई धनराज हुमनाबादचे, हायवेवर त्यांचं टायरचं दुकान. गडी इतका सालस की पंक्चर झालेल्या लॉरीशीसुद्धा हळू बोलायचा. तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट, कपडे, सगळी तयारी कमलबाईंनी केली होती.

"अनारसे सगळेच देत्यात," श्रीपतराव छाती काढून म्हणाले. "मी जावयाला समुद्र देणार!"

"त्या कार्डावर?"

"त्याच कार्डावर! मी सवता बी ऱ्हाऊन येणार, मालकासारखा!"

"अवो, त्या कार्डावर तुमी एक दिस जरी मालकासारखं झोपून आलात, तर लक्ष्मम्माच्या हॉटेलात साऱ्यांना सुसला माझ्याकडून! आन् न्हाई झोपलात, तर कार्ड चुलीत."

झालं! आता प्रश्न इभ्रतीचा होता. श्रीपतरावांनी कंपनीला फोन लावला.

"बाई, तुमच्या वर्षात महिने किती?"

"बारा, सर."

"आमच्या यंदाच्या वर्षात तेरा हायत. तेरावा तुमच्या तक्त्यात हाय का?"

"सर, तो तर मे-जूनच होतो."

"तुमच्याकडं होत आसंल. आमच्याकडं त्यो जादाचा हाय. लाल न्हाई, निळा न्हाई, कोराच! मग अडवायलाय कामून?"

त्या पोरीनं फोन तिच्या साहेबाला दिला, साहेबानं त्याच्या साहेबाला. श्रीपतरावांनी प्रत्येकाला तेरा महिने पहिल्यापासून मोजून दाखवले. पाचव्या दिवशी सगळ्यात वरचा साहेब थकल्या आवाजात म्हणाला, "घ्या सर. पण गर्दीचे दिवस आहेत, एक पायरी खालची खोली मिळेल, स्टुडिओ. आणि पाहुणे आणणार असाल तर मेंबरनं स्वतः हजर राहायचं. रोज सकाळी काउंटरवर सही."

"घ्या सर"च्या पुढचं श्रीपतरावांनी ऐकलंच नाही. ते अंगणात जाऊन ओरडत होते, "वाजलं! कार्ड वाजलं!"

"जावयाच्या सहलीत सासूचं काय काम?" म्हणत कमलबाई घरीच थांबल्या. जावयाला स्टेअरिंगला हात लावू द्यायचा नाही म्हणून जीप श्रीपतरावांनी स्वतः हाकली. दीड दिवसाच्या प्रवासानंतर ते कोकणातल्या रिसॉर्टच्या फाटकात पोचले, तेव्हा त्यांच्या मिशीवर तीन जिल्ह्यांची धूळ होती. मागं गॉगल लावलेले धनराज बसले होते. वॉचमननं मागच्या दाराला कडक सलाम ठोकला आणि पुढं येऊन म्हणाला, "ड्रायव्हर, गाडी मागं लावा. तुमची सोय तिकडं पत्र्याच्या खोलीत."

"ड्रायव्हर कुणाला म्हन्तोस? मेंबर हाय मी, मेंबर!"

कार्ड निघालं, नाचलं, वॉचमनच्या नाकाला टेकलं. पुढं काउंटरवर, सामानवाल्यापाशी, अगदी स्वागताचं कोकम सरबत देणाऱ्या मुलीपाशीसुद्धा श्रीपतरावांनी हे बजावून सांगितलं. "ड्रायव्हर न्हाई, मेंबर!" दोन तासांत सगळ्या रिसॉर्टला हे पाठ झालं.

मग खोलीचं दार उघडलं.

एकच खोली! पलंग तिथंच, सोफा तिथंच, चहाची शेगडी तिथंच. मधलं दार कुठंच नाही. सामानवाल्यानं सोफा ओढून त्याचा पलंग केला, तो मोठ्या पलंगाला बैलजोडीसारखा खेटून उभा राहिला.

"हे काय?"

"स्टुडिओ, सर. तिघांना पुष्कळ!"

पल्लवी पडद्याचा रंग बघायला लागली. धनराज घसा साफ करून म्हणाले, "चालतंय की मामा. तुमी पलंगावर झोपा, मी सोफ्यावर पडतो. पल्लवीला खाली गादी टाकू."

श्रीपतरावांनी तिन्ही जागा बोटांवर मोजल्या. अधिक महिन्यात जावई सोफ्यावर, लेक जमिनीवर आणि सासरा पलंगावर! हुमनाबादच्या सुमनबाई विहीणबाईंना कळलं तर पल्लवीला पुढचा अधिक येईपर्यंत ऐकवतील. "तुमी निवांत ऱ्हावा. माझी दुसरी खोली हाय," असं ठोकून देऊन ते खाली आले.

काउंटरवर मुलगी होती. "दुसरी खोली नाही, सर. सगळं भरलंय."

"मग मी परत जातो गावाला."

"मेंबर गेले की पाहुण्यांनाही खोली सोडावी लागेल, सर."

"ती मागची पत्र्याची खोली?"

"ती फक्त ड्रायव्हरांसाठी. तुम्ही तर मेंबर आहात!"

श्रीपतरावांनी इकडं-तिकडं पाहिलं. टोपी काढून खिशात घातली. मग हळूच म्हणाले, "बाई, मी ड्रायव्हर हाय."

"सर, आल्यापासून तुम्हीच—"

"हाय म्हन्तो की! हे बघा लायसन! जीप कुणी हाणली? मीच!"

मुलीनं लायसन पाहिलं, मिशीवरची धूळ पाहिली आणि वहीत लिहिलं, ड्रायव्हर एक.

तिथून सहा दिवस श्रीपतरावांचे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते! सकाळी टोपी घालून मेंबर म्हणून सही करायची, संध्याकाळी टोपी खिशात घालून ड्रायव्हरांच्या रांगेत ताट धरायचं. मेंबरला पायाचं मालिश फुकट, ड्रायव्हरला वरण-भात फुकट. मालिश उरकून टोपी काढेपर्यंत भात संपलेला असायचा. बारा खाटांची ती खोली, शेजारी टूरच्या बसगाड्यांचे ड्रायव्हर. खिडकीपासून तिसरी खाट यांच्या वाट्याला आली. तिच्या एका पायाखाली वीट होती, कूस बदलली की ती बोटीसारखी डुलायची.

चौथ्या दिवशी मॅनेजर स्वतः खोलीत आला. "कर्नाटकची जीप कुणाची? फाटकातच उभी केलीय! तुझ्या मालकाला अक्कल आहे की नाही?"

"न्हाई साहेब," श्रीपतराव कळवळून म्हणाले. "मालक लई अडाणी हाय. त्यानं ते कार्ड घेतलं तवाच मला कळलं!"

धनराज-पल्लवी मात्र खुशीत होते. जावयानं सातव्या दिवशी पाया पडून सांगितलं, "मामा, असा मान कुणाचाच झाला नसंल. पन तुमची खोली काय दाखवली न्हाई तुमी."

"पुढल्या अधिकात," श्रीपतराव म्हणाले.

तर असे श्रीपतराव आता लक्ष्मम्माच्या हॉटेलात बसले होते. प्लेट रिकामी झाली, तसा त्यांना कंठ फुटला.

"काशाप्पा, खोली कसली म्हन्तोस? हॉल व्हता हॉल! बारा पलंग!"

"एकट्याला बारा?" काशाप्पाचा घास हातातच राहिला.

"आवडंल तिथं पडा! जेवण तयार झालं की घंटा वाजवून बोलवायचे. आन् सोबतीला माणसं कसली, एकेकाच्या मागं पन्नास-पन्नास माणसं! त्यांनी म्हटलं चला की चालायची, थांबा म्हटलं की थांबायची!"

"अबब! मोठीच असामी!" लक्ष्मम्मा चहा गाळायची थांबली.

"आन् माझा पलंग तर झुलता! कूस बदलली की आपोआप झोका!"

मल्लेशनं एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. हातातलं भजं प्लेटीत ठेवलं.

"मालक, खिडकीपासनं तिसरा का?"

"व्हय!" श्रीपतराव खुलले. "तुला रं कसं ठाव?"

"अवो, ती ड्रायव्हर लोकांची खोली हाय की! दिवाळीच्या टूरला त्या खाटेचा पाय माझ्याच अंगाखाली मोडला, तवा खाली वीट मीच लावून आलोय!"