ऐकून घेणारा अँप्लिफायर

काकांचा अँप्लिफायर घरात आला, तेव्हा पुतण्याची कंबर धरली आणि त्याच्या बायकोचा पारा चढला.

"एवढं धूड, आणि बटण एकच?" ती म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"बटणं सोबतच्या त्या धाकट्या डब्याला आहेत. गाणं निवडायचं, आवाज कमीजास्त करायचा, ते काम त्याचं. हा नुसती ताकद देतो."

"म्हणजे धाकटा हुकूम सोडणार आणि थोरला राबणार. बरं."

पुतण्याने तारा जोडल्या, बटण दाबलं. समोरच्या काचेत निळा दिवा लागला आणि आवाजाचा जोर दाखवणारे दोन बारीक काटे झोपेतून उठल्यासारखे थरथरले. काकू दारातून बघत होती. काका गेल्यावर ती पुतण्याकडे राहायला आली होती. काका हयात असताना हे यंत्र सुरू झालं की तिचं प्रत्येक वाक्य "अहो, मी काय म्हणते" इथेच संपायचं. काका डोळे न उघडता नुसता हात वर करायचे.

"संसार चांगला झाला," काकू म्हणायची, "फक्त बोलणं तेवढं राहून गेलं."

काकूला कुठलीही वस्तू उघडी ठेवलेली खपत नसे. मिक्सरला झगा, शिलाई मशीनला झगा, बॅटरीलासुद्धा टोपडं. अँप्लिफायरलाही तिने जुन्या पडद्याचा जाडजूड झगा शिवला. काटे दिसावेत म्हणून पुढे खिडकीही ठेवली. पुतण्याला तिचं मन मोडवेना.

त्या संध्याकाळी गाणं रंगात आलं होतं. काकू चहा घेऊन आली आणि सवयीने बोलून गेली, "अहो, मी काय म्हणते..."

गाणं थांबलं. निळा दिवा लाल झाला. खोलीत अशी शांतता पसरली, की बशीवर किणकिणणारा कप सगळ्यांना ऐकू आला. काकूने चहा टेबलावर ठेवला.

"...गॅस संपत आलाय," तिने वाक्य पुरं केलं. मग रिकामा ट्रे घेऊन ती आत गेली. थोड्या वेळाने दिवा आपोआप निळा झाला आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

"एखादी तार सैल असेल," बायको म्हणाली.

पुतण्याने सगळ्या तारा घट्ट केल्या. दुसऱ्या दिवशीही चहा आला, काकू बोलली आणि गाणं थांबलं. या वेळी ती यंत्राजवळ गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, दाराशी कुणीतरी उभं आहे."

पुतण्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. दार बंद होतं. पण पायपुसणं हललं, असं तो नंतर शपथेवर सांगत होता.

"काकू, क... कोण उभं आहे?"

"आत्ता नाही रे! तेव्हा. नळवाला आला होता. ह्यांनी मला बोलू दिलं नाही, बिचारा परत गेला."

"आपण हे विकून टाकू," पुतण्याने कपाळावरचा घाम पुसला. "काका रागावलेत."

"छे! रागावले असते तर आवाज वाढवला असता," काकू म्हणाली. "ऐकताहेत ते. पहिल्यांदाच." तिचा चेहरा इतका उजळला होता, की पुतण्याला जास्तच भीती वाटली.

बायको मात्र उठली आणि तिने झग्यावर हात ठेवला. तव्यावरून काढावा तसा हात झटकन काढून घेतला. नवऱ्याला तिने स्वयंपाकघरात नेलं.

"भर उन्हात स्वेटर घालून पळालास, तर काय होईल?"

"चक्कर येईल."

"त्यालाही तेच होतंय. हे यंत्र गाणं नसलं तरी तापतं. झग्यात ऊब कोंडली, की जीव वाचवायला बंद पडतं. निवलं, की सुरू. पुरतं तापतं नेमकं चहाच्या वेळेला."

"मग काकूला सांगायचं?"

बायकोने ओट्यावर नसलेला डाग पुसला. "तू सांग."

"तू शिकवतेस ना!"

कुणीच सांगितलं नाही. पण आग लागेल या धास्तीने बायकोने झगा धुवायला टाकला.

संध्याकाळी काकू आली. "अहो, मी काय म्हणते..." गाणं चालूच राहिलं. तिने पुन्हा म्हटलं. गाणं चालूच.

"गेले वाटतं," ती पुटपुटली आणि परत फिरली.

ते पुतण्याला बघवेना. तो वाकला आणि त्याने अँप्लिफायरचा प्लग उपटला.

गाणं थांबलं नाही.

प्लग हातात, तार जमिनीवर, आणि गाणारी बाई गातच होती. तिने ओळ पुरी केली, मग आवाज विरत विरत, विहिरीत उतरल्यासारखा खोल गेला आणि संपला.

"त्याच्या पोटात वीज साठलेली अस..." बायकोने सुरुवात केली. मग तिचं काकूकडे लक्ष गेलं आणि तिने ओठ मिटले.

"ओळ पुरी झाल्याशिवाय थांबतील कसे!" काकूचे डोळे भरून आले होते. ती यंत्रासमोर जाऊन उभी राहिली. "मी काय म्हणते, आवाज जरा लहान ठेवलात, तर मीही इथे बसून ऐकेन."

एवढंच बोलायचं राहिलं होतं.

पुतण्याने प्लग पुन्हा लावला, धाकट्या डब्यावर आवाज अगदी लहान केला आणि काकूसाठी आरामखुर्ची ओढली. काकू बसली, डोळे मिटले, आणि पहिलं कडवं संपायच्या आत घोरायला लागली.

गाणं संपलं. पुतण्याने धाकटा डबा बंद केला. खोलीत आता फक्त काकूचं घोरणं. थोरला बंद करायला तो वळला आणि तिथेच थबकला.

काकूचा श्वास चढला, की दोन्ही काटे चढत होते. उतरला, की उतरत होते.

"आता हे काय?" त्याने कुजबुजत विचारलं.

बायकोने बराच वेळ काट्यांकडे पाहिलं.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली आणि दोन्ही पाय सोफ्यावर घेऊन बसली.