शाळेच्या दारातली बाज

दौलतजी माळी कोणत्याही गोष्टीला आधी 'नाई' म्हणत आणि मग गोष्ट काय आहे ते विचारत. अकोटजवळच्या त्यांच्या गावी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नमस्कार करून म्हणालो, "मी नवा मास्तर." ते म्हणाले, "नाई." मी पार गारठलो. मग पुढचं आलं, "जेवलेबिवले का?"

वांग्या-मिरचीचा मळा करणारे हे गृहस्थ शाळा कमिटीचे पंच होते. सही येत नसे आणि अंगठाही देत नसत. "मी तोंडानं सांगतो, तुमी कानानं आईका."

अमेरिकेतल्या लढाईनं तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. माणसं अंगणात निजत, कापूस घरात. शेवटी गावच्या व्यापाऱ्याचा डोळा शाळेच्या खोलीवर गेला. हंगामभर शाळा बंद, खोलीत कापूस! कमिटीतल्या बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. शाळा तपासणाऱ्या डिपोटी साहेबांनीही हुकूम धाडला, की पोरं वेचणीला जातात, तर शाळा कशाला उघडी ठेवायची?

कापसाच्या गाड्या आल्या त्या दिवशी दौलतजींनी शाळेच्या दारात आडवी बाज टाकली आणि तिच्यावर स्वतः ताणून दिली. माझी पोरं बाजेखालून रांगत वर्गात शिरली.

दुपारी डिपोटी साहेब घोड्यावरून आले. पुण्याचे. बोलणं पागोट्यासारखं घट्ट बांधलेलं.

"आपण सरकारी हुकूम मोडता आहात."

"मोडून नाई राहिलो, सायेब. निजून राहिलो."

"कमिटीनं मला मदत करायची असते!"

"तेच तं करून राहिलो. उद्या तुमचा मोठा सायेब इचारन, शाळा कुठी हाय? तवा त्याले काय कापूस दाखवसान?"

"पण मुलं वेचणीला जातात त्याचं काय?"

"सकाळी जातात. दुपारून शाळा भरवा. कमिटीनं सांगतलं, तुमी हुकूम काढा. नाव तुमचंच होऊ द्या."

साहेब घोड्यावरून उतरले, बाजेच्या काठावर टेकले आणि गुडघ्यावर कागद ठेवून नवा हुकूम लिहू लागले. दौलतजींनी त्यांच्यासाठी पाय आखडून घेतले, पण उठले नाहीत. गाड्या माघारी वळल्या.

व्यापाऱ्यानं मात्र डाव धरला. दौलतजींची भाजी गावात कोणी घेईना. "अकोटात खातात लोकं वांगे," म्हणून ते पाटी डोक्यावर घेऊन चालू लागले.

एका संध्याकाळी मी आभार मानायला त्यांच्या घरी गेलो. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन्ही मुलगे कापसामागं अमरावतीला गेले ते तिकडचेच झाले. एवढ्या मोठ्या घराच्या ओसरीवर ते एकटेच भाकर खात बसले होते. मी बोलू लागलो तर त्यांनी हात झटकला.

"ते राहू द्या," म्हणाले. मग भाकरीचा तुकडा मोडत, माझ्याकडं न बघता, "मास्तर, पोरायकडून पाढे जरा जोरानं म्हणवत जा. वारा उलटा असला तं इथवर आईकू येत नाई."