पहिला घोट

मानवजातीचं आरोग्य पहिल्या घोटावर ठरतं! हे वाक्य माझं आहे. दुधनीच्या शाळेपुढे बाकावर उभं राहून मी ते एकदा नव्हे, दोनदा म्हटलं. पहिल्यांदा टाळ्या आल्या नाहीत, म्हणून दुसऱ्यांदा.

सिल्वासाच्या विकास खात्यात मी प्रसिद्धी अधिकारी. पोर्तुगीज गेले, दिल्लीचा कारभार आला, आणि जनतेला आता काय काय कळलं पाहिजे हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. त्या महिन्यात 'अर्भकाचा आहार' हा विषय होता. मी पत्रक लिहिलं : 'आईच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात, रोगांशी झुंजणारी द्रव्ये असतात. ते टाकून देणे म्हणजे किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देणे होय.' किल्ल्याची उपमा साहेबांना फार आवडली. दुधनीच्या बायका समोर बसून ऐकत होत्या. त्यातल्या बऱ्याच जणी माझं भाषण चालू असतानाच पोरांना पाजत होत्या. देवळातल्या पुजाऱ्याला कुणी घंटा कुठं टांगलीय ते सांगायला लागावं आणि त्यानं जसं बघावं, तशा त्या माझ्याकडे बघत होत्या. मी ते कौतुक समजलो.

आणि त्याच महिन्यात आमची शैलजा बाळंतपणासाठी माहेरी आली.

आता तुम्ही म्हणाल, बाळ किती नशीबवान! ज्याचा आजोबा अर्भकाच्या आहारावरचा सरकारी तज्ज्ञ! मीही तेच म्हणत होतो. अडचण एवढीच, की बाळंतपणासाठी रत्नागिरीहून माझी थोरली बहीण, अक्का, आली होती. अक्कानं पत्रक वाचलं नव्हतं. मी तिला ते वाचून दाखवलं. ती वाल सोलत होती.

"झालं वाचून?" तिनं विचारलं.

"झालं."

"मग आता ऐक. पहिले तीन दिवस आईचं दूध पिवळं, चिकट, जड. ते पिळून टाकायचं. बाळाला मध नि उगाळलेलं सोनं. चौथ्या दिवसापासून पाजायचं."

"अगं पण अक्का, विज्ञान सांगतं..."

"रमाकांता, तू कधी बाळंत झालास?"

मी चष्मा पुसला.

सकाळी बाळ झालं. मुलगा! नर्सबाई सगळं आटोपून घाईघाईनं नरोलीला दुसऱ्या बाळंतिणीकडे गेल्या. बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटलं गेलं. आत शेगडी, धूर, ओवा, आणि पुरुषाला मज्जाव. मी दाराच्या फटीपाशी उभा राहून अभिनंदन केलं. आतून शैलजाचा बारीक आवाज आला, "बाबा, मी ह्याला जवळ घेते ना? पाजते ना? अक्काआत्या नको म्हणते. तुम्ही सांगा तिला."

मी मागे बघितलं. अक्का सहाणेवर सोनं उगाळत होती.

"बाबा, तुम्हीच लिहिलंत ना ते पत्रक?"

"लिहिलं की," मी हळूच म्हणालो. "पण बाळ, ते ग्रामीण भागासाठी आहे."

आतून कूस बदलल्याचा आवाज आला. मला वाटलं, तिला पटलं.

पण मी काही अगदीच हात टेकले नव्हते बरं! जावईबापूंकडून मी महिनाभर आधीच मुंबईहून दुधाच्या भुकटीचा डबा मागवून ठेवला होता. डब्यावर एक गोबऱ्या गालांचं बाळ, आणि खाली बारीक अक्षरांत जीवनसत्त्व अ, जीवनसत्त्व ड, लोह, आणखी काय काय! महिनाभर तो डबा मी आमच्या क्वार्टर्समधल्या प्रत्येक घरी नेऊन दाखवला होता. मामलेदारांनी तर तो हातात घेऊन वजनही करून बघितलं होतं. मी अक्काला तडजोड सुचवली : मध तुझा, सोनं तुझं, डबा माझा. डब्यावरच्या बाळाचे गाल बघून अक्का विरघळली. "असे गाल होणार असतील तर दे," ती म्हणाली.

शेगडीच्या धुरानं अक्काचे डोळे चुरचुरत. म्हणून ती दुधाची वाटी आणि सोन्याचं चाटण शैलजाच्या हाती देऊन लगेच बाहेर येई. थोड्या वेळानं दोन्ही रिकामी होऊन परत येत. आणि बाळ? रडणं नाही, कुरकुर नाही! निवृत्त झालेल्या न्यायाधीशासारखं शांत झोपलेलं!

"सोन्याचा गुण," अक्का म्हणाली.

"जीवनसत्त्व ड," मी म्हणालो.

"माझ्या माहेरकडचं वळण," माझी बायको कुसुम म्हणाली.

त्याच सकाळी आणखी एक बाळंतपण झालं. क्वार्टर्समागे राहणाऱ्या जीवणभाई गवळ्याची गाय व्याली. आता हे सांगायला हवं, की आमच्या क्वार्टर्समध्ये सगळे मुंबई-कोकणातले. इथं ना ओळखीचे मासे, ना ओळखीचे आंबे. त्यामुळे जीवणभाईची गाय गाभण राहिली की चिकासाठी नंबर लागत. बढतीच्या यादीवरून झाले नसतील एवढे वाद या नंबरांवरून होत. पहिल्या धारेचा चीक या खेपेला माझा! दुसरा मामलेदारांचा. मग हेडमास्तर, मग ओव्हरसियर. जीवणभाई कुणालाच नाही म्हणत नसे. सरकारी माणसाला नाही म्हणायची पद्धत पोर्तुगीजांच्या वेळीही नव्हती.

दुपारी कुसुमनं खरवस केला. गूळ, वेलची, वर जायफळ! सुरी फिरवली तर वडी थरथरली, साहेबांपुढे उभ्या असलेल्या नव्या कारकुनासारखी. आम्ही सगळे ओसरीवर बसलो. अक्कानं दुसऱ्यांदा बशी पुढे केली.

"चीक खावा तर पहिल्या दिवसाचा," ती डोळे मिटून म्हणाली. "दुसऱ्या दिवसाच्यात तो कस नाही हो! अंगाला लागतो अगदी. माणूस वर्षभर आजारी पडत नाही."

"आणि बाळंतिणीचा?" मी विचारलं.

"तो जड," अक्का म्हणाली, आणि तिसरी वडी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोह्यांची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात जीवणभाई धावत आला. "साहेब, चालो ने! वाछरडू ऊठतंच नथी!"

मी गेलो. सगळे क्वार्टर्स तिथं जमले होते. वासरू मान टाकून पडलं होतं. गुरांचे डॉक्टर रघुनाथराव त्याच्या पोटावर कान लावून बसले होते.

"याला चीक किती पाजलात?" त्यांनी विचारलं.

जीवणभाईनं माझ्याकडे बघितलं. मी मामलेदारांकडे बघितलं. मामलेदारांनी हेडमास्तरांकडे बघितलं. हेडमास्तर आभाळाकडे बघू लागले.

"अहो, बोला की कुणीतरी! वासराला आईच्या पोटात असताना रोगाशी लढायला काही मिळत नाही. जे मिळतं ते सगळं पहिल्या दुधातून. थोडा तरी चीक उरलाय का कुणाकडे?"

"आहे की," मागून कुसुम म्हणाली. "पण वेलची घातलेला."

रघुनाथरावांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. गुरांकडे ते इतकं वाईट बघत नसत. गाय पिळून रिकामी. सकाळची धार ओव्हरसियरांकडे गेलेली. "निदान पोटात काही तरी ऊब जाऊ दे," ते म्हणाले. "गाईला पुन्हा पान्हा फुटेपर्यंत निभेल. पावडरचं दूध आहे का कुणाच्या घरी?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. महिनाभर डबा दाखवत हिंडलो होतो ना!

आता खरं सांगतो, अशा वेळी शहाणा माणूस 'थोडं आहे' म्हणतो. पण समोर मामलेदार, हेडमास्तर, एवढा समुदाय! प्रसिद्धी खात्याच्या माणसाला समुदाय बघितला की काहीतरी होतं. "आहे!" मी गरजलो, घरी धावलो आणि डबा घेऊन आलो. दोन चमचे घालावेत की नाही? मी अख्खा डबा बादलीत उपडा केला! वर कोमट पाणी. रघुनाथरावांनी बोटं बुडवून वासराला चोखायला दिली. वासरानं आधी बोटं चाटली, मग बादलीत तोंड घातलं, आणि थोड्या वेळानं, काय सांगू, ते चार पायांवर उभं राहिलं! टाळ्या! दुधनीला न मिळालेल्या सगळ्या टाळ्या! मी रिकामा डबा उंच धरला आणि म्हणालो, "बंधूंनो, जीवनसत्त्व अ, जीवनसत्त्व ड..."

"रमाकांता!" आमच्या ओसरीवरून अक्काची हाक आली. "डबा कुठं नेलास? बाळाच्या दुधाची वेळ झाली!"

माझा हात वरच राहिला.

"तुझा नातू उपाशी, नि तू वासराला पाजतोस?" अक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. "आता त्याच्या तोंडात काय घालू? नुसतं सोनं?"

बाजारात धावलो. आमच्या गावात सायकलचं पंक्चर निघतं, कंदिलाची काच मिळते, बाळाच्या दुधाचा डबा मिळत नाही. वापीची मोटार निघून गेलेली. मग दारोदार हिंडलो. ओव्हरसियरांच्या घरी दुधाची भुकटी नव्हती, कॉफीची होती. हेडमास्तरांच्या बाई फार हळहळल्या. "इश्श, एवढंसं बाळ, उपाशी? थांबा हं," म्हणून आत गेल्या आणि झाकलेली बशी घेऊन आल्या.

"खरवस आहे थोडा. चालेल का त्याला?"

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी रिकाम्या हातानं परतलो. एवढासा जीव, आणि त्याच्या वाट्याचं अन्न मी टाळ्यांसाठी बादलीत ओतलेलं! बाळंतिणीच्या दारापाशी जाऊन मी घसा साफ केला. अक्का आणि कुसुम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"शैलजा, बाळ, मन घट्ट कर. डबा मिळाला नाही."

"कसला डबा?"

"बाळाच्या दुधाचा! आता त्याचं कसं होणार?"

"व्हायचंय काय?" आतून आवाज आला. "मी पाजतेय की त्याला."

अक्कानं दार ढकललं. "आत्तापासून?"

"कालपासून. जन्मला तसा नर्सबाईंनीच जवळ दिला. मग तुम्ही सगळे ओसरीवर खात बसलात तेव्हा पोटभर प्यायला. नंतर जेव्हा जेव्हा मागितलं तेव्हा."

"आणि वाटीतलं दूध?"

"मोरीत."

"नि सोनं?" अक्काचा आवाज चिरकला.

"फडक्याला पुसलंय. जपून ठेवलंय, आत्या. झटकू नका."

अक्का खाली वाकली, बाळाच्या गालाला बोट लावून बघितलं. बाळानं चुळबुळ केली, तोंड उघडलं.

"भूक लागलीय त्याला," अक्का म्हणाली. "पाज हो, पाज. आणि रमाकांता, तू काय बघत उभा राहिलास? बाहेर हो!"

मी बाहेर झालो. स्वयंपाकघरात गेलो. सगळ्यांची जेवणं झाली होती, आणि भात संपला होता.