एकेचाळिसावा शर्ट

तिरुप्पुरात लेबलातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं लोक म्हणतात. म्हणजे आधी मी म्हणतो, मग लोक मान हलवतात!

आमचा कारखाना टी-शर्टांचा. माल सगळा परदेशी जातो, आणि परदेशी दुकानदाराला हल्ली नुसता शर्ट चालत नाही, स्वतःचा नंबर सांगणारा शर्ट लागतो. म्हणून प्रत्येक शर्टाच्या कुशीच्या शिवणीत एक लेबल असतं आणि लेबलात तांदळाच्या कणीएवढी चिप. त्या चिपमध्ये नंबर भरायचं काम माझं. टेबलावर एक कॉम्प्युटर, शेजारी लेबल छापता छापता नंबर भरणारा प्रिंटर, आणि पुढ्यात पोळपाटाएवढा रीडर. नंबर नीट भरला गेला की नाही ते रीडरने वाचून दाखवायचं, मगच लेबल शिवणाऱ्यांकडे जायचं. शेवटी शर्टांचा खोका भरला की तो खोकाच रीडरपुढे ठेवायचा. आत चाळीस शर्ट, तर पडद्यावर चाळीस हिरवे नंबर. एक कमी नको, एक जास्त नको. नाहीतर खोका लाल!

आता गंमत अशी, की हा रीडर मूळचा आळशी. वीतभर अंतरावरचं तेवढं वाचणार, पुढे डोळे झाकणार. खोक्याच्या तळातले शर्ट त्याला दिसायचेच नाहीत. मी काय केलं? त्याची ताकद सरळ शेवटच्या टोकापर्यंत वाढवली! कंपनीचा माणूस म्हणाला होता, "सर, एवढी वाढवू नका." कंपनीची माणसं असं म्हणतातच. त्यांचं ऐकत बसलो असतो तर माझं नाव झालं असतं का?

तर आयुधपूजेचा, म्हणजे खंडेनवमीचा, दिवस होता. चार वाजता पूजा. त्याआधी शेवटच्या ऑर्डरीचे खोके तपासून ट्रक तूतुकुडीच्या बंदराकडे निघायला हवा होता. कारण पूजा झाली, यंत्रांना चंदन-कुंकू लागलं, की विजयादशमीपर्यंत सुईलासुद्धा हात लावायचा नाही. तोवर जहाज निघून जाणार!

आणि मला पाचची करूरची बस धरायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी करूरला, सासुरवाडीत, आमच्या याळिनीचा अक्षरारंभ होता. तिने माझ्या मांडीवर बसून ताटातल्या तांदळात पहिलं अक्षर गिरवायचं. पोरीला पहिला भात भरवला तेव्हा मी ऑर्डरीत अडकलो होतो. तिचे कान टोचले तेव्हाही ऑर्डरीतच! बायकोने फोनवर बजावलं होतं, "या वेळी आला नाहीत, तर पोरीला त्या रीडरच्याच मांडीवर बसवा!" त्यात सासरे निवृत्त तहसीलदार. त्यांच्या मते जावई कारखान्यात लेबलं चिकटवतो. चिकटवत नाही हो, नंबर भरतो! पण सांगायचं कुणाला?

तरी मी निर्धास्त होतो. बरेचसे खोके सकाळीच हिरवे झाले होते. राहिलेले डाव्या हाताने करीन म्हणालो, आणि इथेच माझं ग्रहमान फिरलं.

दुपारी मुदलाळींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांना पूजेची भेट वाटली. चुरमुरे, फुटाणे आणि एकेक हिरवा टी-शर्ट. शर्ट याच ऑर्डरीतला, कॉलर जरा वाकडी म्हणून बाजूला काढलेला. नियम असा, की बाजूला काढलेल्या शर्टाचं लेबल कापून टाकायचं. पॅकिंगच्या वळ्ळियम्माळ अक्का कात्री घेऊन माझ्याकडे आल्या. मी त्यांचा तंबी, म्हणजे धाकटा भाऊ.

"अरसु तंबी, आतली लेबलं कापायची का रे? पोरी म्हणतात, राहू देत. परदेशी लेबल आहे, गावात मिरवता येईल."

"राहू द्या हो अक्का!" मी दिलदारपणे म्हणालो. "लेबलाशिवाय शर्टाला कसली शोभा!"

हे वाक्य मी बोललो. तुम्ही लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही!

सगळ्यांनी तिथल्या तिथे नवे शर्ट चढवले. मीही चढवला. बघावं तिकडे हिरवंगार! तेवढ्यात परदेशी दुकानदाराच्या वतीने माल तपासणाऱ्या जॅसिंता मॅडम आल्या. पांढरी सुती साडी, नाकावर चष्मा, चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही.

"सुरू करा, मिस्टर अरसु."

मी ऐटीत खोका रीडरपुढे ठेवला. बटण दाबलं. एकेचाळीस!

"एक जास्त आहे," मॅडम म्हणाल्या.

"शक्यच नाही! अक्का, खोका उघडा!"

अक्का आल्या. आम्ही शर्ट एकेक करून मोजले. चाळीस. परत भरले, खोका बंद केला, बटण दाबलं. बेचाळीस!

"अरे, उघडून बंद करेपर्यंत शर्टाला पोर झालं की काय?" अक्का ओरडल्या.

"अक्का, तुम्ही मोजायला चुकलात!"

"मी? तुझ्या जन्माआधीपासून मोजतेय मी! तुझं यंत्रच पिऊन आलंय!"

आवाज ऐकून शिवणमास्तर आले. मग वीजवाले पेरुमाळ अण्णा आले. त्यांच्यामागून इस्त्रीवाले आले. भांडण म्हटल्यावर कोण येत नाही? मी पुन्हा बटण दाबलं. शेहेचाळीस! जास्तीचे नंबर तरी बनावट असावेत? छे! सगळे याच ऑर्डरीचे, माझ्याच हाताने भरलेले!

मला वाटलं, शेजारच्या खोक्यांतले शर्ट वाचले जात असतील. "ते सगळे खोके लांब हलवा!" मी हुकूम सोडला. हलवायला आणखी माणसं आली. खोके पार दारापर्यंत गेले. आता बघा म्हणत बटण दाबलं, तर चोपन्न!

"मिस्टर अरसु, तुमच्याकडे बंद खोक्यात शर्ट विणतात का?" मॅडमनी चष्मा काढून पुसला.

मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर काढून लावली. प्रिंटरला चापट मारली, त्याचा काही संबंध नसताना! मी रडकुंडीला आलो होतो. घड्याळ पुढे, बस पुढे, आणि मी जिथल्या तिथे. तिकडे ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, इकडे करूरहून फोन वाजतोय. शेवटी मुदलाळी स्वतः आले, आणि मुदलाळी एकटे कधीच येत नाहीत. बरोबर अख्खं ऑफिस!

"काय झालं रे, कण्णु?" मुदलाळी सगळ्यांनाच कण्णु म्हणतात, म्हणजे बाळा.

"काही नाही मुदलाळी, हे बघा, आता बरोबर दाखवील!" मी दाबलं. त्रेसष्ट!

मुदलाळींनी कपाळाला हात लावला. "खोके अडकले तर जहाज चुकेल. मग सुट्टी कुणालाच नाही. सगळा माल उघडून पुन्हा मोजायचा!"

हे ऐकलं मात्र, बाहेर पिशव्या भरून तयार बसलेली सगळी माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली, की लिंबू-मिरचीऐवजी मलाच दाराला टांगतील. सुट्टीचा प्रश्न होता!

एवढ्यात पूजेची मांडामांड करायला देवळाचे पूसारी आले. कमरेला लुंगीसारखी वेष्टी, उघडं अंग, दंडावर विभूती. आल्या आल्या कडाडले, "ही काय जत्रा लावलीय? बाहेर व्हा सगळे! मला जागा शुद्ध करायची आहे!"

सगळे बाहेर गेले. मीही गेलो. आत राहिले पूसारी आणि मॅडम. पूसारींनी तीर्थ शिंपडलं. मॅडमनी सहज बटण दाबलं.

"चाळीस," त्या म्हणाल्या. "हिरवा!"

मी धावत आत गेलो. "बघू!" पुन्हा दाबलं. एकेचाळीस, लाल!

"बाहेर जा," पूसारी म्हणाले. मी गेलो. चाळीस!

"आत ये." मी आलो. एकेचाळीस!

"पुन्हा जा." पुन्हा चाळीस!

सगळा कारखाना दारातून टक लावून बघत होता. पूसारींनी डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "दोष यंत्रात नाही. दोष याच्यात आहे. याला जबरदस्त दृष्ट लागलीय!"

"लागणारच!" अक्का दारातूनच ओरडल्या. "सकाळ-संध्याकाळ स्वतःचं कौतुक करतो! त्याला दुसऱ्या कुणाची नाही, स्वतःचीच लागलीय!"

"अहो, मी सांगतो, हा तांत्रिक..."

"गप! शर्ट काढ! नव्या शर्टावरून दृष्ट उतरत नाही!"

माझं कोण ऐकतंय! पेरुमाळ अण्णांनी माझे हात वर केले, पूसारींनी शर्ट ओढून काढला आणि अक्कांकडे फेकला. त्या तो चिमटीत धरून थेट आवारात घेऊन गेल्या. माझ्यावरून लिंबू उतरलं, कापूर फिरला, कपाळभर विभूती फासली गेली. पेरुमाळ अण्णांना बाहेर घालवून पूसारींनी स्वतः बटण दाबलं.

चाळीस!

"मारियम्मा!" अख्खा कारखाना एका सुरात ओरडला. मुदलाळींच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि तेव्हा, उघड्या अंगाने, कापराच्या धुरात, माझ्या डोक्यात उजेड पडला. शर्ट! लेबल! कोळशावरच्या इस्त्रीने चटका द्यावा तसं ते दुपारचं वाक्य आठवलं.

"अहो, दृष्ट नाही हो! शर्टातली लेबलं! प्रत्येकाच्या शर्टात लेबल आहे! म्हणून जितकी माणसं जवळ, तितके नंबर जास्त!"

"उतरल्यावर थोडी बडबड होते," पूसारींनी मुदलाळींना समजावलं. "रात्रीपर्यंत शांत होईल."

एकट्या जॅसिंता मॅडमना कळलं, आणि ते जास्त वाईट झालं! "बाजूला काढलेल्या शर्टांत चालू लेबलं ठेवली? कुणी सांगितलं ठेवायला?"

मी छताकडे बघितलं.

"सुट्टीनंतर एकूणएक लेबल कापलं गेलं पाहिजे. आणि तुमच्या शर्टाचं आत्ता, माझ्यासमोर!"

मी कात्री शोधायला गेलो. कारखान्यातल्या सगळ्या कात्र्या देवीपुढे ओळीने मांडलेल्या, चंदन लावून! मी हात पुढे केला तर अक्का कडाडल्या, "पूजेतल्या कात्रीला हात लावलास तर हात मोडीन! एवढी मोठी दृष्ट उतरवली, आता देवीचा कोप ओढवून घे!"

शेवटी मॅडमनी माझा शर्ट पुरावा म्हणून पिशवीत घालून सील केला आणि बाहेर आपल्या गाडीत ठेवला. मी सकाळी घालून आलेला जुना शर्ट शोधला, तर अक्कांच्या पोरींनी पूजेसाठी यंत्रं पुसायला तोच वापरला होता. त्याचा रंग ओळखू येत नव्हता! मग राहिलेले सगळे खोके मी तसाच उघड्या अंगाने तपासले. पटापट चाळीस, चाळीस, चाळीस! ट्रक गेला, पूजा झाली, आणि मी पेरुमाळ अण्णांचा टॉवेल खांद्यावर टाकून पळत सुटलो.

बस मिळाली! कपाळावरची विभूती बघून कंडक्टरने "सामी, इथे बसा" म्हणून खिडकीची जागा दिली. खिडकीचं वारं उघड्या अंगाला झोंबत होतं, आणि वाटेतलं कांगेयम गेल्यावर मला सुचलं, की रीडरची ताकद जरा कमी केली असती तर कुणाला काहीच काढावं लागलं नसतं. हे मी अजून कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून, रीतीप्रमाणे उघड्या अंगाने वेष्टी नेसून पाटावर बसलो होतो. याळिनी माझ्या मांडीवर! तिचं ते इवलंसं बोट माझ्या मुठीत. मला खरंच भरून आलं. समोर ताटात तांदूळ, भोवती सगळे नातेवाईक, आणि अगदी पुढ्यात सासरे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी अक्षराला सुरुवात करणार, तोच फोन वाजला. मुदलाळी! विजयादशमीच्या मुहूर्ताचा मालकाचा फोन, न घेऊन कसं चालेल? बायकोने डोळे वटारले. मी फोन मान आणि खांद्यात धरला.

"अरसु! घात झाला! मुहूर्ताला पहिला खोका वाचायला ठेवला, तर एकेचाळीस! दृष्ट परत आली रे!"

"जवळ कोण आहे?"

"कुणी नाही. मी एकटाच आहे!"

"मग तुम्ही शर्ट कुठला घातलाय?"

"आं? ऐकू येत नाही!"

माझा संयम सुटला. मी मान वर करून, घसा फोडून ओरडलो, "आधी अंगातला शर्ट काढा! तुमच्यामुळेच सगळं अडलंय!"

मान वर केली होती, ती नेमकी सासऱ्यांसमोर. आयुष्यभर तालुक्याला हुकूम देणारा माणूस! त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या उघड्या अंगाकडे बघितलं, घरातल्या देवाकडे बघितलं. मग एकेक बटण काढलं, शर्टाची घडी घातली आणि बाजूला ठेवली. मी घाईघाईने याळिनीचं बोट धरून तांदळात 'अ' गिरवला. जरा वाकडा आला, पण आला!

तेवढ्यात फोनमधून मुदलाळींचा आनंदाने फुटलेला आवाज सगळ्या घराला ऐकू गेला, "चाळीस! चाळीस झाले रे, कण्णु!"

"काय चाळीस?" सासऱ्यांनी थंडपणे विचारलं.

"तुमचं वय, मामा," मी म्हणालो. "शर्टाशिवाय अगदी चाळिशीचे दिसता."

हेही वाक्य मीच बोललो. त्या दिवसापासून सासऱ्यांनी शर्ट घातलेला नाही. बाजारात जातात तसेच, बँकेत जातात तसेच, आणि बायको रोज फोन करून म्हणते, हे आता तुम्हीच निस्तरा!